देवीला दिलेला अंगठा

‘समावेशन’ हा शब्द कानावर पडला की मला हल्ली शिसारी येते. आधी येत नव्हती. भिवंडीजवळ राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये, डिस्पॅच ऑफिसात मी काम करते. खोक्यांवरची लेबलं स्कॅन करायची आणि कुठलं खोकं कुठे निघालं ते कॉम्प्युटरला सांगायचं, हा माझा रोजचा धंदा आहे. त्यामुळे मशीनशी माझं काही वाकडं नाही. मशीन बिचारं बीप करतं, दिवा लावतं आणि गप्प बसतं. माझ्या डोक्यात तिडीक जाते ती मशीन हातात धरून ‘आजी, आम्ही तुम्हाला सामावून घ्यायला आलोय’ असं म्हणत दात दाखवणाऱ्या माणसांमुळे.

माझी आई सत्तरी ओलांडलेली आहे. आम्ही दोघी खारबावच्या बाजूला एका गावात राहतो. वडील पाणीखात्यात होते, मोठाले वॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे. ते गेल्यावर त्यांची पेन्शन आईला सुरू झाली. ही पेन्शन घेणाऱ्यानं दर नोव्हेंबरात आपण अजून जिवंत आहोत असं बँकेला कळवायचं असतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. बाकीचे म्हातारे या कामाला वैतागतात. आई मात्र दिवाळी सरली की त्याचीच वाट बघत बसायची.

त्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसायची. नाकातली नथ आदल्या दिवशीच रिठ्याच्या पाण्यात घासून ठेवलेली असायची. आम्ही रिक्षानं भिवंडीत जायचो. बँकेत रांग असायची, पण आईला रांगेचं काही वाटत नसे. नंबर आला की काउंटरवरचा माणूस कागद पुढे करायचा, ती पदर खांद्यावर नीट घ्यायची, पेन मुठीत धरायची आणि सही करायची. तिच्या नावात चार अक्षरं आहेत आणि एक वेलांटी. त्या वेलांटीला ती इतका वेळ लावायची की मागचे लोक खाकरायला लागायचे. ती वळूनही बघत नसे. मग आम्ही बाजारातल्या एका जुन्या दुकानात फालुदा खायचो आणि ती चमचा चाटत म्हणायची, “झाली बाय, एक वरसाची पक्की जिती.”

सहीचं एवढं कौतुक का, ते सांगायला मागे जावं लागेल.

आईचं माहेर कशेळीच्या अलीकडे. माझ्या शाळेच्या दिवसांत तिकडच्या भातशेतीवर गोडाऊन उठायला लागली होती. एके दिवशी मोठा मामा आला, सोबत धाकटा मामा. विहिरीवर विजेचं मीटर घ्यायचंय, सातबाऱ्यावर तुझंही नाव आहे, कागदाला तुझा अंगठा लागेल, असं म्हणाला. आई भावाबरोबर गेली. भावानं बोलावलं तर बहीण कागद वाचून मागत नाही, आमच्याकडे ते शोभत नाही. आणि वाचायला तिला येतही नव्हतं. तिचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला, खाली साक्षीदार म्हणून धाकट्या मामानं सही केली, येताना तिला साडी आणि पेढे दिले. ते हक्कसोडपत्र होतं. आजोबांच्या जमिनीवरचा आपला हिस्सा आपण राजीखुशीनं सोडलाय असं आईनं लिहून दिलं होतं. तिला ते कळलं तेव्हा शेतात भराव पडत होता.

आई मामांशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. ती गावाच्या वेशीवरच्या गावदेवीकडे गेली. आमची गावदेवी म्हणजे शेंदूर फासलेली एक शिळा, वर पत्र्याचं छप्पर. आईनं तिथल्या कुयरीतली हळद अंगठ्याला लावली, अंगठा शिळेला टेकवला आणि म्हणाली, “ह्यो अंगठा आजपासून तुझा. तुना इचारल्याबिगर मी कुनाला देनार न्हाय.” मी शेजारी उभी होते. मला तेव्हा हसू आलं होतं, कारण अंगठा असा कुणाला देता येतो हेच मला कळत नव्हतं.

मग अंगठ्याशिवाय कागद कसे चालवायचे? देवळाच्या मंडपात तेव्हा मोठ्या बायकांचा साक्षरतेचा वर्ग भरायचा, अंगणवाडीच्या बाई शिकवायच्या. आई तिथे जाऊन बसली. बाकीच्या बाया कमळ, गवत, घर करत पुढे गेल्या. आईनं बाईंना सांगितलं, मला फक्त माझं नाव पाहिजे. चार अक्षरं आली त्या दिवशी तिनं वर्ग सोडला. बाईंनी पुष्कळ समजावलं, पण तिचं उत्तर ठरलेलं होतं. बाकीची अक्षरं ज्यांची आहेत त्यांनी शिकावी.

आजही तिला तेवढीच चार येतात. ट्रकच्या मागे, दुकानाच्या पाटीवर, औषधाच्या डबीवर ती आपली अक्षरं शोधते आणि सापडलं की मला बोट करून दाखवते. तिची पहिली सही माझ्या प्रगतिपुस्तकावर आहे. त्या वर्षी मी गणितात नापास झाले होते, पण सही करण्याच्या नादात तिनं मार्क बघितलेच नाहीत.

तिच्या नेमात पळवाट नव्हती, पण वाट होती. देवीला विचारायचं. आमच्याकडे कौल लावतात. फुलाच्या पाकळ्या ओल्या करून शिळेच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवायच्या, प्रश्न सांगायचा आणि बसून राहायचं. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. देवीला वाटेल तेव्हा ती उत्तर देते, तिला घाई करता येत नाही. आधार कार्ड काढायची वेळ आली तेव्हा आईनं असाच कौल लावला होता. दहाही बोटं घेणार आहेत, डोळेही घेणार आहेत, असं तिनं देवीला सविस्तर सांगितलं. बराच वेळ बसल्यावर उजवी पाकळी पडली, मग ती गेली आणि सगळ्यांच्या आधी बोटं देऊन आली. म्हणजे बाई अडाणी नव्हती की हट्टी नव्हती. तिला फक्त आधी विचारायचं होतं. रेशनला माझा अंगठा चालायचा, त्यामुळे तिथे प्रश्नच आला नाही.

मागच्या वर्षी नोव्हेंबरात आम्ही नेहमीसारख्या बँकेत गेलो. काउंटरवर नवीन माणूस होता. त्यानं आईकडे न बघता सांगितलं, “कागद बंद झाले आजी. आता सगळं डिजिटल. मशीनवर अंगठा लावा, नाहीतर मोबाईलवर चेहरा दाखवा.”

आई म्हणाली, “मना सही येते.”

“सही चालत नाही.”

“गेल्या वरसाला चालली.”

“गेल्या वर्षीचं गेलं ना आजी. ओ मॅडम, समजवा ना यांना. हे बघा, ज्येष्ठांसाठी शिबिर आहे, तिकडे घेऊन जा. तिकडे सगळ्यांचं एकदम होतं, खुर्ची देतात, नाश्ता देतात. घरबसल्या सोय आहे, आणि तुम्ही इकडे धक्के खाता.”

ज्याला घरबसल्या म्हणतात त्यासाठी भाड्याच्या हॉलमध्ये जायचं, हे त्याला विचित्र वाटत नव्हतं. आईला काय सोसतं आणि कशाचा आनंद होतो हेही त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. धक्के खायला ती नथ घालून आली होती का? त्या दिवशी आम्ही फालुदा खाल्ला नाही. आई म्हणाली, घशाला थंड नको.

शिबिर कशेळी रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात होतं. एका संस्थेनं भरवलेलं. संस्थेचं नाव मी सांगणार नाही, कारण त्यांना तेवढंच हवं असतं. स्टेजवर भलामोठा फ्लेक्स, त्यावर पांढऱ्या केसांचं एक गोरंपान जोडपं लॅपटॉपकडे बघून हसत होतं. असं जोडपं मी आमच्या तालुक्यात कधी पाहिलेलं नाही. खाली प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आमची माणसं. गावांकडच्या लुगड्यातल्या बाया, धोतर-टोपीतले आजोबा आणि भिवंडीतले पॉवरलूमवर आयुष्य घालवलेले म्हातारे कारागीर. पाहुणे कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते, म्हणून कार्यक्रम सुरू होत नव्हता. आणि पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन झाल्याशिवाय पंखे सोडून दुसरं काही सुरू करायचं नव्हतं. नाश्त्याची खोकी मागे रचून ठेवली होती, तीही उद्घाटनानंतर. ज्यांना साखरेचा आजार आहे अशी माणसं भुकेनं पेंगत होती आणि माईकवरून गाणी लावली होती.

शेवटी पाहुणे आले, हार झाले, शाली झाल्या. पाहुण्यांनी सरकारचं धोरण समजावून सांगितलं. देश पुढे चाललाय, त्यात आपल्या ज्येष्ठांना मागे ठेवायचं नाही, प्रत्येक आजीच्या हातात तंत्रज्ञान पाहिजे. बोलता बोलता ते स्वतःचा मोबाईल शेजारच्या माणसाकडे देऊन म्हणाले, “जरा फोटो काढ रे, मला त्यातलं काही कळत नाही.” आणि स्वतःच हसले. कुणाला काही वाटलं नाही. मला मात्र तिथेच उठून जावंसं वाटलं.

मग शिकवणारे सर आले. जाकीट घातलेले, गालावर माईक चिकटवलेला. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवायला सुरुवात केली आणि इतक्या वेगानं बोलायला लागले की माझ्यासारखीची दमछाक झाली. माझ्या शेजारी एक चाचा बसले होते. चाळीसएक वर्षं लूमवर ड्युटी केलेली. खटखटाटात कान गेले होते. लूमवरची माणसं ओठ बघून बोलणं ओळखतात, पण सर स्टेजवर लांब, पाठ आमच्याकडे आणि तोंड पडद्याकडे. चाचांनी उठून अदबीनं सांगितलं, “साब, ज़रा इधर मुँह करके बोलिए, हम देख के समझ लेंगे.” सर म्हणाले, “चाचा, आवाज़ बढ़ा देते हैं,” आणि त्यांनी माईकचा आवाज वाढवला. चाचा खाली बसले. नंतर पूर्ण वेळ ते स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

मध्येच सगळ्यांना चकचकीत टॅब वाटले. आईच्या हातातही एक आला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, पडू नये म्हणून. फोटो काढणारा रांगेतून फिरला, “आजी, हसा, बोट लावा, हां!” त्याचं झाल्यावर मागून दोन बाया आल्या आणि टॅब गोळा करून खोक्यात भरून घेऊन गेल्या. आई म्हणाली, “काय गो, येवढ्यात झाला शिकून?” तिनं हे चेष्टेनं विचारलं नव्हतं, आणि म्हणूनच माझ्या अंगाचा भडका उडाला.

त्यानंतर हयातीच्या दाखल्याचं टेबल लागलं. आधी चेहरा. आईला भिंतीपुढे उभं केलं. मोबाईल सांगत होता, डोळे मिटा, डोळे उघडा. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उजेड तोंडावर आला की ती दोन्ही डोळे बारीक करते. मोबाईलला ते पटेना. तीन-चारदा झालं तसा सरांचा धीर सुटला. “ठीक आहे, अंगठा घेऊ. आजी, बसा इथे.”

टेबलावर छोटं काळं मशीन होतं, मधली काच लाल उजळलेली. आईनं हात मांडीवर घेतला आणि त्यावर पदर ओढला.

“आज न्हाय देत,” ती म्हणाली. “मना देवीला इचारायचा हाय. उद्या सकाळी कौल लावते, मंग येते. तू कुठं सांगशील तिथं येते.”

ती किती समजूतदारपणे बोलली होती. नाही म्हणालीच नव्हती. एक दिवस मागितला होता. मीही म्हणाले, सर, उद्या चालेल ना, अजून मुदत आहे. सरांनी माझ्याकडे बघून डोळा बारीक केला, गावाकडच्या माणसांना सांभाळून घेण्याची आपली कला मला दाखवावी तसा. मग मोठ्यानं म्हणाले, “आजी, देवीला पण ॲप घेऊन देऊ या! मग घरबसल्या कौल!”

आजूबाजूचे हसले. पाहुणे हसले. आमच्याच गावातली दोन माणसं हसली. आई गोंधळून त्यांच्याकडे बघायला लागली आणि तेवढ्यात सरांनी पदराखालचा तिचा हात ओढला, अंगठा चिमटीत धरला आणि काचेवर दाबला. फोटोवाला तयारच होता. लखकन उजेड पडला. मशीननं बीप केलं.

“झालं! पहिल्या झटक्यात! टाळ्या आजीसाठी!”

लोकांची बोटं झिजलेली असतात, मशीन घेत नाही, चार-चार हेलपाटे पडतात, असं सगळीकडून ऐकायला येतं. आईचा अंगठा मशीननं पहिल्या झटक्यात घेतला. कसलीच तक्रार करायला जागा नाही. मी गोडाऊनमध्ये खोक्याचं लेबल असंच धरते, एका हातानं खोकं दाबून दुसऱ्या हातानं. खोक्याला कुणी विचारत नाही.

टाळ्या चालू असताना आईनं अंगठा वर नेला आणि केसांत पुसला. पूर्वी शाईचा अंगठा दिला की बायका तो असा केसांत पुसायच्या. इथे शाईचा टिपूसही नव्हता. तरी ती पुसतच राहिली, कानामागे, अंबाड्यात, नाश्त्याचं खोकं कुणीतरी हातात दिलं तोपर्यंत. मी सरांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, तुमचं काम झालंय. चिडता कशाला?”

गावात उतरल्यावर घरी न जाता ती तडक वेशीवर गेली. पाकळ्या लावल्या. काय विचारलं ते मला सांगितलं नाही, पण मी ओळखलं, अंगठा अजून तुझाच आहे ना, हेच. संध्याकाळ झाली, एकही पाकळी पडली नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जाऊन बसली. पाकळ्या शिळेवरच सुकल्या, शेंदराला चिकटून काळ्या पडल्या. तिच्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. देवी हो म्हणते किंवा नाही म्हणते. गप्प बसत नाही. मी म्हणाले, अगं, थंडीचे दिवस आहेत, पाकळी लवकर सुटत नसेल. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला जीभ चावावीशी वाटली.

पुढच्या आठवड्यात नाक्यावर फ्लेक्स लागला. त्यावर आई होती. पदर ढळलेला, तोंड अर्धवट उघडं, सरांच्या चिमटीत तिचा अंगठा आणि मागे हसणारे पाहुणे. फोटोत ती हसल्यासारखी दिसत होती, कारण लख्ख उजेडानं तिचे डोळे मिटले होते. वर ज्येष्ठांच्या डिजिटल सक्षमीकरणाबद्दल काहीबाही होतं. ज्या गावाच्या देवीपुढे तिनं नेम घेतला, त्याच गावाच्या नाक्यावर तो नेम मोडतानाचा तिचा फोटो दहा फुटी करून टांगला होता. आम्ही रिक्षाची वाट बघत त्याखाली उभ्या होतो. आई मान वर करून अक्षरं बघत होती. आपली शोधत होती. एक सापडलं, दुसरं सापडलं, पण सलग चारही कुठे येईनात.

“माझा नाव कुठं हाय यात?” तिनं विचारलं.

नाव नव्हतं. फोटोखाली पाहुण्यांचं नाव होतं, सरांचं नाव होतं, हॉलवाल्याचंही होतं. आईखाली ‘ज्येष्ठ लाभार्थी’ असं छापलं होतं. मी ते तिला वाचून दाखवलं. लाभार्थी म्हणजे काय, असं तिनं विचारलं आणि मी येणाऱ्या रिक्षाला हात केला.

त्याच दिवशी मामाच्या घरच्या ग्रुपवर तो फोटो आला. ताई एकदम मॉडर्न झाली, असं मोठ्या मामानं लिहिलं होतं. खाली सगळ्या पोरासुनांनी पटापट अंगठे पाठवले, पिवळे, ओळीनं. धाकट्या मामाचाही होता. मी मोबाईल उशीखाली घालून ठेवला.

पुढे मी एक काम केलं. जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ते सरकारी कागद शोधून वाचले. शिव्या द्यायला काहीतरी सापडेल अशी आशा होती. सापडलं नाही. कागदात म्हाताऱ्यांच्या सन्मानाची भाषा आहे. हे सगळं त्यांच्या सोयीसाठी आहे, त्यांच्या संमतीनं व्हावं, असं आहे. आणि हयातीच्या दाखल्याची जुनी रीत, म्हणजे बँकेत जाऊन सही करायची, ती चालूच आहे. बंद झालेलीच नव्हती! दिल्लीत सोय म्हणून निघालेली गोष्ट आमच्या काउंटरपर्यंत पोचता पोचता सक्ती झाली होती, आणि ती कुणी केली असं विचारलं तर कुणीच नाही. एका माणसाला खण उघडून फॉर्म काढायचा कंटाळा आला, दुसऱ्याला फोटो हवा होता, तिसऱ्याला आकडा वर पाठवायचा होता. दुष्ट माणूस असता तर त्याचा राग धरता आला असता. इथे सगळे चांगलं काम केल्याच्या समाधानात घरी जाऊन जेवले. मला किळस येते ती त्या समाधानाची.

ते पान मी छापून घेतलं आणि वर्षभर कपाटात आईच्या लुगड्याखाली जपून ठेवलं. यंदाच्या नोव्हेंबरात मी रजा टाकली. आईला ठेवणीतलं लुगडं नेसायला लावलं. ती नको म्हणत होती, मीच नथ घासली. तिला सांगितलं, यंदा तू सही करणार, बघ मी कशी करून घेते. शेवटी ती नेसली.

काउंटरवर तोच माणूस. मी पान समोर ठेवलं. त्यानं वाचलं, कपाळाला आठ्या घातल्या, आत कुणाला तरी विचारून आला. मी आवाज चढवलेला होता, रांग ऐकत होती. एक पेन्शनर आजोबा म्हणाले, “बरोबर बोलतेय पोरगी, आम्हाला पण कागदच द्या.” शेवटी त्यानं खण उघडला. इतका वेळ तिथेच होता फॉर्म, गठ्ठाच्या गठ्ठा. मी नाव-पत्ता भरला, सहीच्या जागी बोट ठेवलं आणि पेन आईच्या मुठीत दिलं. जिंकल्याचा आनंद मला लपवता येत नव्हता.

आईनं पेनाकडे बघितलं. कागदाकडे बघितलं. मग पेन काउंटरवर आडवं ठेवलं आणि अंगठा पुढे केला.

“आई, सही कर. सही चालते. हे बघ, मान्य केलंय त्यांनी.”

“कशाला?” ती म्हणाली. “देवीनं टाकला त्याला. आता कुनी बी घ्या.”

ती रागावून बोलली नाही. तिच्या आवाजात काहीच नव्हतं. मी तिच्या कानाशी लागून विनवलं, हात धरला, अगं माझ्यासाठी तरी. ती अंगठा तसाच धरून उभी होती, वाण्याच्या दुकानात सुटे पैसे परत घ्यायला हात धरावा तसा. काउंटरवरच्या माणसाचा चेहरा उजळला.

“बघा मॅडम, आजींना कळतंय. तुम्हीच उगाच.” त्यानं खणातून शाईचा जुना पॅड काढला. झाकण गंजलं होतं, त्यानं ते टेबलाच्या कडेवर आपटून उघडलं. आईनं न सांगता अंगठा त्यात टेकवला आणि न सांगता सहीच्या जागी उमटवला. इतक्या वर्षांनीही तिला किती दाबायचं ते बरोबर ठाऊक होतं.

त्यानं कागद फिरवून माझ्यापुढे सरकवला. अंगठा असला की शेजारी साक्षीदार लागतो. माझ्या समक्ष, राजीखुशीनं दिला, अशी ओळ तिथे आधीच छापलेली होती, आणि खाली रिकामी जागा. मागून कुणीतरी खाकरलं. मी आईकडे बघितलं. तिनं मान हलवली, कर, म्हणून.

मी सही केली.

बाहेर ऊन होतं. फालुद्याच्या दुकानावरून आम्ही पुढे गेलो. आईचा अंगठा निळाजांभळा झाला होता, या वेळी खरीच शाई होती. मी सारखी बघत होते. तिनं तो पुसला नाही.